नवे फॉइल, दुपारचा वारा

२६ मे २०२५ रोजी ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ ही हवामानाच्या अंदाजाची नवी प्रणाली कार्यान्वित झाली, तेव्हा बहुतेक बातम्यांत एक आकडा ठळक होता: ६ किलोमीटर. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ही प्रणाली पूर्वीच्या १२ किलोमीटरऐवजी ६ किलोमीटरच्या चौकटींत वातावरणाचे गणित मांडते. त्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने मला विचारले, “६ किलोमीटर म्हणजे खरोखर किती बारीक? एवढ्याने काय फरक पडतो?” मी उत्तर टाळले. उत्तर माझ्यापाशी होते. पण ते द्यायचे तर आधी एका चुकीची कबुली द्यावी लागणार होती, आणि ती चूक तेव्हा फार ताजी होती.

सुट्टीच्या दिवशी मी विंग फॉइलिंग करते. हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करते. पायाखाली एक जाडजूड, आखूड बोर्ड असतो. त्याच्या तळाला साधारण ८० सेंटिमीटर लांबीचा दांडा बसवलेला असतो, त्याला मास्ट म्हणतात. मास्टच्या खालच्या टोकाला छोट्या विमानासारखी रचना असते. पुढे मोठा पंख, मागे लहान. पाण्याखालच्या या अवजाराला फॉइल म्हणतात. हातात हवा भरून फुगवलेली विंग असते. ती बोर्डाला कोठेही जोडलेली नसते, दोन्ही हातांनी धरायची असते. वारा विंगेला ओढतो, बोर्ड वेग घेतो आणि एका क्षणी पाण्याखालचा पंख बोर्डासकट माणसाला पाण्याच्या वर उचलतो. बोर्डावर आपटणाऱ्या पाण्याचा आवाज एकाएकी थांबतो. पाणी हवेच्या सुमारे ८५० पट घन आहे, म्हणून हातातली विंग ५ चौरस मीटरची लागते, पण माणसाला उचलणारा पंख ए-फोर आकाराच्या अडीच कागदांएवढा असला तरी पुरतो.

मी चेन्नईत राहते आणि फॉइलिंगसाठी मंडपम-रामेश्वरमच्या बाजूला जाते. तेथे भूमीच्या एका निमुळत्या पट्टीच्या दोन बाजूंना दोन समुद्र आहेत: उत्तरेला पाल्कचा उपसागर, दक्षिणेला मन्नारचे आखात. डिसेंबर ते मार्च ईशान्येचा वारा असतो. त्या काळात पाल्कच्या बाजूला खेळावे, कारण वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे येतो आणि काही बिघडलेच तर माणूस वाहत वाहत किनाऱ्यालाच लागतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या महिन्यांत हाच किनारा धोक्याचा, कारण वारा भर समुद्राकडे लोटतो. नवख्यांना मी पहिल्यांदा हेच सांगते, तंत्र नंतर.

फेब्रुवारीत मी तेथे तीन दिवस होते. पांबनचा नवा रेल्वेपूल तेव्हा सुरू झालेला नव्हता, बेटावर गाडी जात नव्हती. सामान टेम्पोत घालून न्यावे लागले. सोबत एक पाहुणे फॉइल होते. ओळखीच्या एका खेळाडूने ते विकायला काढले होते आणि आधी वापरून पाहण्यासाठी माझ्याकडे दिले होते. त्याच्या पुढच्या पंखाचे क्षेत्रफळ ११०० चौरस सेंटिमीटर. आकार लांबट, अरुंद, फार देखणा. माझे जुने फॉइल १५०० चौरस सेंटिमीटरचे, आखूड आणि रुंद. कोणते फॉइल कमी वाऱ्यात लवकर उचलते, हे पाहायचे होते.

सकाळी साडेनऊ ते साडेअकरा मी जुने फॉइल वापरले. निम्म्याहून अधिक प्रयत्न फसले. बोर्ड पाण्याला चिकटल्यासारखा चालत होता. जेवणानंतर, दोन ते चार, नवे फॉइल लावले. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नात वर गेले. एकदा वर गेल्यावर ते असे सरकत राहिले की वळण घ्यायचे विसरून मी नको इतकी दूर गेले. मोबाइलवरच्या अंदाजात त्या दिवसाचा वारा १२ नॉट दाखवला होता. आलेख जवळजवळ सपाट. म्हणजे वारा तोच, विंग तीच, बोर्ड तोच, माणूस तोच आणि फक्त फॉइल निराळे, असा हिशेब मी मांडला. संध्याकाळी आमच्या चमूला कळवले: नवे फॉइल कमी वाऱ्यात स्पष्टपणे सरस आहे, मी तपासले आहे.

‘तपासले आहे’ हे शब्द मी लिहिले होते. ते पुढे वारंवार आठवत राहिले.

दुपारी जेवताना एक गोष्ट घडली होती. जाळे दुरुस्त करत बसलेल्या एका वयस्क अण्णांनी पाण्याकडे हात करून म्हटले होते की वाडै भरून आली. तिकडचे मच्छीमार उत्तरेच्या वाऱ्याला वाडै, पूर्वेच्या वाऱ्याला कोंडल आणि पश्चिमेच्या वाऱ्याला कच्चान म्हणतात. माझे तमिळ तोडकेमोडके असले तरी एवढे कळत होते. दूरचे पाणी सकाळपेक्षा काळसर दिसत होते, त्यावर बारीक सुरकुत्या दाट झाल्या होत्या. मी “हो अण्णा” म्हटले आणि स्क्रू आवळत बसले. जमीन तापली की दुपारी समुद्राकडून खारे वारे वाहतात, हे आपण शाळेच्या भूगोलात शिकतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर ते ईशान्येच्या वाऱ्यात मिसळून त्याला बळ देऊ शकतात, हे समजायला डॉक्टरेट लागत नाही.

भौतिकशास्त्राने मला आणखी एकदा सावध केले होते. वर उचलणारे बल हे पाण्याची घनता, वेगाचा वर्ग आणि पंखाचे क्षेत्रफळ यांच्या प्रमाणात असते. माझे आणि सामानाचे मिळून वजन ७४ किलो. पंखाचा उत्तोलन-गुणांक उचलण्याच्या क्षणी ०.९ धरला, तर १५०० चौरस सेंटिमीटरच्या पंखाला सेकंदाला ३.२ मीटर वेग पुरतो. ११०० च्या पंखाला ३.८ मीटर लागतो. वेग वर्गमुळाच्या हिशेबाने बदलत असल्यामुळे ही वाढ सुमारे १७ टक्के होते. म्हणजे लहान पंख उशिरा उचलायला हवा होता. माझ्या निरीक्षणात तो लवकर उचलत होता. अशा वेळी प्रयोग संशयास्पद मानायचा असतो. मी स्पष्टीकरण शोधले, आणि ते लगेच सापडले: लांबट पंखाच्या टोकांशी होणारे भोवरे दुबळे असतात, म्हणून रोध कमी, म्हणून बोर्ड लवकर वेग घेतो. यातले एकही विधान खोटे नाही. म्हणूनच ते मला फसवू शकले. अडाणी माणसाला इतके चांगले स्पष्टीकरण सुचले नसते आणि त्याने कदाचित अण्णांचे ऐकले असते.

ते फॉइल आमच्या चमूतल्या एका संशोधक विद्यार्थ्याने विकत घेतले. मूळचा नांदेडचा, चेन्नईत पीएच.डी. करतो. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. जुन्या फॉइलची किंमत जवळजवळ तेवढीच होती. अधिछात्रवृत्ती वेळेवर जमा होत नाही तेव्हा काय होते, हे वाचकांतल्या अनेकांना मी सांगायला नको. त्याने पैसे साठवून ठेवले होते.

मार्चच्या आरंभी तो दोन दिवस तेथे जाऊन आला. वारा ११-१२ नॉट. दोन दिवसांत तो एकदाही नीट वर गेला नाही. त्याचे वजन माझ्याहून १६ किलोंनी अधिक, म्हणजे त्याला लागणारा वेग आणखी जास्त. हेही मी सांगितले नव्हते. परत आल्यावर तो माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, “ताई, माझ्याच पायांचे काहीतरी चुकत असणार. फॉइल तर तुम्ही तपासलेले आहे.”

त्याने तक्रार केली असती तर बरे झाले असते.

त्या रात्री मी घड्याळातल्या जीपीएसच्या जुन्या नोंदी काढल्या. बोर्ड पाण्याबाहेर येण्याआधीचा, नुसता ओढला जात असतानाचा वेगसुद्धा दुपारी सकाळपेक्षा जास्त होता. त्या अवस्थेत फॉइलचा फारसा संबंध नसतो; तेथे वाराच दिसतो. १२ नॉटचा वारा १५ झाला, तर वेग चौथाईने वाढला, पण विंगेवरचे बल ५६ टक्क्यांनी. मी दुपारच्या वाऱ्याचा गुण फॉइलच्या खात्यावर जमा केला होता.

माझे रोजचे काम प्रकाशीय मापनाचे आहे. लेझरची तीव्रता दिवसभरात हळूहळू सरकते, हे गृहीत धरूनच आम्ही कामाला लागतो. एक नमुना सकाळी आणि दुसरा दुपारी मोजून तुलना करणाऱ्या विद्यार्थ्याला मी परत पाठवले असते. वस्तुमानाचे मापन करणारे यासाठी एक जुनी, साधी युक्ती वापरतात. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत ५७ क्रमांकाचा प्रमाण-किलोग्रॅम जपून ठेवलेला आहे. तसल्या वजनांची तुलना जेथे होते तेथे प्रमाण, नमुना, नमुना, प्रमाण असा क्रम लावतात. त्याला एबीबीए म्हणतात. समजा, वारा एकसारखा वाढतो आहे: १२, १३, १४, १५. पहिल्या आणि चौथ्या पाळीत जुने फॉइल, मधल्या दोन पाळ्यांत नवे. जुन्याच्या वाट्याला आलेली सरासरी १३.५, नव्याच्याही १३.५. सरकणे गेले नाही, पण दोघांना सारखे मिळाले. कागदावर किती सोपे!

मार्चच्या मध्यात आम्ही दोघे पुन्हा गेलो. किनाऱ्यावर एबीबीए कोणी का करत नाही, हे पहिल्याच तासात कळले. फॉइल बदलायचे म्हणजे पाण्याबाहेर यायचे, विंग उडून जाऊ नये म्हणून तिच्यावर वाळूची पिशवी ठेवायची, बोर्ड उलटा करायचा आणि मिठाने धरलेले स्क्रू सोडवायचे. हात गारठलेले, स्क्रूच्या आट्यांत वाळू. पहिल्या बदलाला बावीस मिनिटे लागली, आणि तेवढ्यात वारा आपल्या वाटेने पुढे गेलेला. शेवटी दोन्ही फॉइलांना स्वतंत्र मास्ट लावले. मग बोर्डाचे चारच स्क्रू राहिले आणि काम सहा मिनिटांवर आले. माझ्या मते त्या दोन दिवसांतली हीच सर्वात मोठी सुधारणा. आकडेमोड तिच्या नंतर.

विद्यार्थी किनाऱ्यावर वही घेऊन बसला. दोन मीटरच्या बांबूवर हातातला वायुवेगमापक बांधला. अंदाजातला वारा दहा मीटर उंचीचा असतो. मोकळ्या समुद्रावर दोन मीटरवर तो सुमारे १५ टक्के कमी भरतो, म्हणून अंदाजाशी तुलना करताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो. ‘यशस्वी प्रयत्न’ कशाला म्हणायचे हे आधीच ठरवून लिहिले: बोर्ड पाण्याबाहेर सलग पाच सेकंद. फॉइलला समुद्रगवत अडकले, तर तो प्रयत्न बाद. पाल्कच्या उपसागरात समुद्रगवताची विस्तीर्ण कुरणे आहेत, तेथे डुगाँग चरतात. त्यातली एक पात जरी पंखाला गुंडाळली तरी फॉइल थरथरते आणि सगळे मापन व्यर्थ जाते. एका पाळीचा जवळजवळ निम्मा वेळ मी गवत काढण्यात घालवला. डुगाँगांविषयी माझ्या मनात तेव्हा जे विचार आले ते येथे लिहिण्यासारखे नाहीत.

दुसऱ्या दिवशीची तिसरी फेरी मात्र माझी खरी परीक्षा होती. दोन पाळ्या झाल्या आणि तिसरीच्या मध्यावर वारा एकाएकी पडला, पाणी काचेसारखे. नवे फॉइल पायाखाली होते आणि ते एकदाही उचलले नाही. आमचा नियम होता की एका फेरीत वारा ४ नॉटहून अधिक बदलला तर ती फेरी रद्द, कारण एबीबीए फक्त एकसारखे सरकणे पुसते, अशी कोसळण पुसत नाही. पण ती फेरी मला हवीहवीशी वाटत होती. आता मला जे सिद्ध करायचे होते, म्हणजे नवे फॉइल कमी वाऱ्यात कुचकामी आहे, ते त्या फेरीत झळझळीत दिसत होते. फेब्रुवारीत मला नव्या वस्तूचा मोह होता, मार्चमध्ये प्रायश्चित्ताचा. “ताई, नियम तुम्हीच लिहिलाय,” तो म्हणाला आणि त्याने पानावर तिरपी रेघ मारली. नुकसान त्याचे झाले होते, तरी रेघ त्यानेच मारली.

उरलेल्या फेऱ्यांतून जे निघाले ते असे. १२ नॉटच्या खाली जुन्या फॉइलने १९ पैकी १३ वेळा उचलले, नव्याने १८ पैकी ४ वेळा. १५ नॉटच्या वर दोन्ही जवळजवळ प्रत्येक वेळी उचलत होती आणि तेथे नवे निःसंशय सरस: वेगवान, शांत, दूरवर सरकणारे. मधल्या पट्टीत निकाल अनिश्चित. आकडे थोडे आहेत, हे मला ठाऊक आहे. पण ‘कोणते फॉइल चांगले’ या प्रश्नात वाऱ्याचा उल्लेखच नव्हता, म्हणून तो प्रश्नच अपुरा होता, एवढे सांगायला ते पुरेसे आहेत.

पवनचक्क्यांची चाचणी घेणारे हा प्रश्न असा विचारतच नाहीत. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे चाचणी केंद्र तूतुकुडी जिल्ह्यातील कायतार येथे आहे. अशा चाचणीच्या आंतरराष्ट्रीय मानकात दहा-दहा मिनिटांच्या सरासऱ्या घेतात, वाऱ्याच्या वेगाचे सेकंदाला अर्ध्या मीटरचे कप्पे पाडतात आणि प्रत्येक कप्प्यात यंत्राने किती वीज दिली ते मांडतात. हाती येते ती एक वक्ररेषा. आम्हीही वहीत तसेच कप्पे पाडले, फक्त फार भरड.

फॉइलचा स्वभाव पवनचक्कीहून अधिक हट्टी आहे. बोर्ड पाण्यात असताना रोध फार. तो सुटेपर्यंत बरेच बल लागते. एकदा सुटला की रोध एकदम घटतो आणि बऱ्याच कमी वाऱ्यात वर राहता येते. जाताना एक उंबरठा, येताना दुसरा. म्हणून ६-७ सेकंदांचा एक चांगला झोत मिळाला की माणूस वर जातो आणि मधल्या मंद पट्ट्या ओलांडतो. तोच झोत ३ सेकंदांचा असेल तर काही उपयोग नाही. सरासरी दोन्ही वेळा १२ नॉटच असू शकते. भारतीय हवामान खाते चक्रीवादळाचा वारा तीन मिनिटांच्या सरासरीने सांगते. त्या कामासाठी ते योग्यच आहे. पण तीन मिनिटांत मी चार वेळा वर जाऊन तीन वेळा पडलेली असते. उंबरठ्याची भाषा त्या परिसराला नवी नाही. पांबनच्या जुन्या रेल्वेपुलावर वाऱ्याचा वेग ताशी ५८ किलोमीटरवर गेला की सिग्नल आपोआप लाल होत असे. १९६४ च्या डिसेंबरात चक्रीवादळाने धनुष्कोडीची गाडी प्रवाशांसकट गिळली होती. दिवसभराच्या सरासरीवर पूल चालवण्याचा विचार तेथे कोणी करणार नाही.

फॉइल मी त्याच्याकडून घेतलेल्या किमतीला परत घेतले. तो आधी नाही म्हणाला, मग तीन दिवसांनी हो म्हणाला, आणि त्या तीन दिवसांत आम्ही दोघे एकमेकांशी फक्त कामापुरते बोललो. माझे जुने १५०० चे फॉइल आता त्याच्याकडे आहे. चमूला मी दुसरा संदेश पाठवला. पहिल्या संदेशाला अकरा जणांनी दाद दिली होती, दुसऱ्याला दोघांनी.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येते. ६ किलोमीटरच्या चौकटीचे क्षेत्रफळ ३६ चौरस किलोमीटर होते; पूर्वीच्या चौकटीचे १४४. ही झेप मोठी आहे. त्यामागे पुण्यातला ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘अर्का’ महासंगणक आहे, आणि एखाद्या तालुक्यावर पडणाऱ्या मुसळधार पावसासाठी या बारकाईचे मोल फार आहे. पण मंडपमजवळ जमिनीची पट्टी इतकी अरुंद आहे की एका समुद्रावरून दुसऱ्या समुद्रावर पायी जाता येते. ६ किलोमीटरच्या एकाच चौकटीत तेथे दोन्ही किनारे बसू शकतात: एकावर वारा समुद्राकडून येणारा, दुसऱ्यावर समुद्राकडे लोटणारा. फेब्रुवारीतला माझ्या मोबाइलवरचा अंदाज निराळ्या प्रणालीचा होता, आणि कदाचित तो चुकलाही नव्हता. सकाळचे ९-१० आणि दुपारचे १५ मिळून सरासरी १२ होतेच. चौकटीच्या सरासरीला मी माझ्या हातातल्या विंगेवरचा वारा समजले, आणि बांबूवर वायुवेगमापक बांधायचा कंटाळा केला. तो त्या दिवशीही पिशवीत होता.

सध्या पाल्कच्या बाजूला जाण्यात अर्थ नाही. कच्चान चालू आहे. विद्यार्थ्याने स्वतःचा वायुवेगमापक घेतला आहे आणि मधल्या पट्टीविषयी, म्हणजे १२ ते १५ नॉट, त्याचे माझ्याशी जमत नाही. त्याचे म्हणणे असे की त्याच्या वजनाला तेथेही जुनेच फॉइल जिंकेल. मला तसे वाटत नाही. डिसेंबरात वाडै आली की सहा फेऱ्या करायच्या, स्क्रू आधी गोड्या पाण्याने धुऊन ठेवायचे, आणि नोंदी ठेवायला दोघांपैकी कोणालाही न ओळखणारा माणूस बसवायचा, असे ठरले आहे. वहीतले त्या पट्टीचे दोन रकाने अजून कोरे आहेत.